किल्ली कोणाकडे? धावपट्टीशेजारच्या वस्तीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

आजपासून काम सुरू. विमानतळाची धावपट्टी लांबवायची आहे. तिच्या टोकासमोरच्या वस्तीतली काही घरं हलवायची, काहींना आवाज अडवणाऱ्या खिडक्या द्यायच्या आणि मोकळ्या होणाऱ्या जमिनीचं पुढे काय करायचं ते ठरवायचं, असं कामाचं स्वरूप. लगतच्या दुसऱ्या वस्तीने ‘आमचाही आवाज मोजा’ अशी मागणी केली होती. ती पहिल्या यादीत नव्हती, आम्ही धरली. आम्ही चौघं आहोत: एक ध्वनिअभियंता, एक सर्वेक्षक, नकाशे करणारी सहकारी आणि नियोजक म्हणून मी.

हातात आलेल्या नकाशावर एकच जाड लाल रेषा आहे. आतली घरं पात्र, बाहेरची अपात्र. दुपारी ती रेषा पायी चालून पाहिली. एका ठिकाणी ती गल्लीच्या बरोबर मधोमध जाते. डाव्या हाताच्या घरांना मोबदला आणि नवी जागा, उजव्या हाताच्या घरांना यातलं काहीच नाही. गल्ली इतकी अरुंद की दोन माणसांनी हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागतात.

८ जानेवारी

रेषा येते कुठून हे आधी आम्हा चौघांनाच एकसारखं कळायला हवं, म्हणून ध्वनिअभियंत्याने फळ्यावर हिशेब मांडला. तो इथे लिहून ठेवते, कारण पुढे प्रत्येक बैठकीत लागणार आहे.

एक विमान डोक्यावरून जाताना जेवढी ध्वनिऊर्जा येते ती सगळी एका सेकंदात कोंबली तर जो आकडा येईल, तो त्या एका विमानाचा आकडा. समजा एखाद्या अंगणात तो ९० डेसिबल आहे आणि दिवसभरात अशी १०० विमानं जातात. चोवीस तासांचे सेकंद ८६,४००. त्या सगळ्यांवर ही ऊर्जा पसरली की सरासरी येते ६०.६ डेसिबल. आता विमानं तीच १००, पण त्यातली २० रात्री १० ते सकाळी ७ च्या दरम्यान गेली. अमेरिकेत वापरतात त्या दिवस-रात्र सरासरीत रात्रीच्या प्रत्येक विमानाला १० डेसिबल जादा धरतात, म्हणजे रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहांबरोबर. शंभराची झाली २८०. सरासरी ६५.१.

तिथे घरांसाठीची मर्यादा ६५ आहे. एकही विमान वाढलं नाही, नुसती वीस विमानांची वेळ सरकली आणि अंगण रेषेच्या आत आलं. युरोपातल्या पद्धतीत संध्याकाळच्या विमानांनाही ५ डेसिबल जादा मिळतात, त्यामुळे त्याच वेळापत्रकाची तिथली रेषा आणखी वेगळी पडेल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. विमानं दुप्पट झाली तर ही सरासरी फक्त ३ डेसिबलने वाढते. लोक सांगतात, ‘पूर्वीपेक्षा दुप्पट विमानं जातात.’ अहवाल सांगतो, ‘तीन डेसिबलची वाढ.’ दोघंही खरंच बोलत असतात, पण एकमेकांना खोटं ठरवून बैठकीतून उठतात.

१२ जानेवारी

मीटर आले. मोजणीआधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासणी, माइकवर फोमचा गोळा, ट्रायपॉड कोणत्याही भिंतीपासून किमान साडेतीन मीटर दूर. गल्लीत हे अंतर मिळतच नाही. शेवटी दोन गच्च्या आणि शाळेचं मैदान अशा तीन जागा पक्क्या केल्या. वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला की त्या वेळची नोंद बाद. विमानांच्या ओळखीसाठी त्यांचे स्वतःचे रेडिओ संदेश पकडणारा छोटा रिसीव्हर बसवला, म्हणजे कुठला आवाज विमानाचा आणि कुठला रस्त्यावरच्या ट्रकचा हे नंतर वेगळं करता येईल.

१७ जानेवारी

काल रात्री गच्चीवर मुक्काम. खालच्या घरातला माणूस रात्रपाळी करून पहाटे आला आणि झोपण्याआधी वर येऊन आमच्याशेजारी बसला. त्याची तक्रार आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही: तो झोपतो सकाळी, आणि दिवस-रात्रीच्या हिशेबात सकाळी सातनंतरच्या विमानाला काही जादा भार नाही. त्याची रात्र आमच्या सूत्रात नाहीच. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये ‘घरात कोण, कधी झोपतं’ हा रकाना वाढवला.

पहाटे आणखी एक जाणवलं. विमान धावपट्टीवर वेग घेतं तेव्हाची घरघर कानापेक्षा छातीला आणि खिडकीच्या तावदानाला जास्त कळते. मीटर मात्र शांत होता. कानाच्या संवेदनेप्रमाणे खालचे स्वर वजा करणारी ए पट्टी आपण वापरतो, त्यामुळे ही घरघर आकड्यात जवळजवळ येत नाही. आजपासून खालचे स्वर फारसे वजा न करणाऱ्या सी पट्टीवरही नोंद ठेवायची.

१९ जानेवारी

शाळेत गेले. शिक्षिका म्हणाल्या, ‘ताई, आवाज किती ते मला माहीत नाही. मी किती वेळा थांबते ते सांगू शकते.’ त्यांनी वहीत उभ्या रेघा मारून ठेवल्या होत्या, प्रत्येक थांबण्याला एक रेघ.

शिक्षिकेच्या वहीतली ही मोजणी शास्त्रात आहे. सिडनीत १९९४ मध्ये तिसरी धावपट्टी सुरू झाली तेव्हा मोठा असंतोष उसळला. अधिकृत रेषेबाहेरच्या लोकांनी रेषेचा अर्थ ‘इथे आवाज नाही’ असा घेतला होता, आणि प्रत्यक्षात विमानं डोक्यावरून जाऊ लागली. त्या अनुभवातून २००० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आवाज सांगायची वेगळी रीत पुढे आली: दिवसात ७० डेसिबलच्या वर जाणाऱ्या विमानांची नुसती संख्या सांगायची. बाहेर ७० म्हणजे खिडकी उघडी असलेल्या खोलीत साधारण ६०, आणि तिथे बोलणं अडतं. आकडा असा की शिक्षिका स्वतःच्या रेघांशी ताडून पाहू शकतील.

आमच्या नकाशांत आता प्रत्येक ठिकाणी दोन आकडे असतील: सरासरी आणि संख्या. नकाशे करणाऱ्या सहकारीने दुसऱ्या वस्तीचा संख्येचा नकाशा संध्याकाळी काढला. लाल रेषेबाहेरची ही वस्ती संख्येत पहिल्या वस्तीच्या अगदी मागोमाग आहे.

२३ जानेवारी

शाळेचाच विषय पुढे. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद झाला आणि नवा दुसऱ्या ठिकाणी सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांना स्थलांतराच्या आधी आणि नंतर तपासलं होतं. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि दीर्घकालीन स्मरण मागे पडलं, तर जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं, आवाज थांबल्यावर, सुधारलं. हे दुसरं वाक्य मी आराखड्याच्या पहिल्या पानावर घेणार आहे. नुकसान भरून येतं, म्हणून शाळा हलवायला उशीर करायचा नाही. घरांचे टप्पे काहीही ठरोत, शाळा पहिल्या टप्प्यात.

३० जानेवारी

‘६५ डेसिबलच्या रेषेबाहेर त्रास नाही’ हे वाक्य आज एका अधिकाऱ्याने तीनदा उच्चारलं. मी कागद पुढे ठेवले. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २० विमानतळांभोवतीच्या दहा हजारांहून अधिक लोकांना विचारून केलेलं सर्वेक्षण २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. १९७० च्या दशकापासून चालत आलेल्या आलेखावर आधारलेला जुना अंदाज असा होता की ६५ पातळीवर साधारण १२ टक्के लोक तीव्र त्रस्त असतात. नव्या सर्वेक्षणात ते ६० ते ७१ टक्क्यांच्या दरम्यान निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये विमानांच्या आवाजासाठी सुचवलेली पातळी ४५ आहे, रात्रीसाठी ४०.

त्यांचं उत्तर: ४५ धरलं तर अर्धं शहर हलवावं लागेल. हे खरं आहे आणि कोणी तसं मागतही नाही. मी एवढंच म्हटलं की रेषा ही खर्चाची सोय म्हणून काढली असेल तर तसं लिहा, त्रास तिथे संपतो असं लिहू नका. वाक्य बदलायचं मान्य झालं. लहान गोष्ट आहे, पण रेषेबाहेरच्या माणसाला ‘तुम्हाला त्रास नाही’ असं सांगणं मला अपमान वाटतो.

४ फेब्रुवारी

घरोघरचं सर्वेक्षण सुरू. नेहमीचे प्रश्न: कुटुंबात किती, घर कोणाच्या नावावर, भाड्याचं का, काम कुठे, शाळा कुठे. पहिल्या दिवसाच्या शेवटी सर्वेक्षक म्हणाला, या उत्तरांवरून कोण कोणावर अवलंबून आहे ते काही कळत नाही. खूप वेळ बोलल्यावर एक प्रश्न सुचला: ‘तुमच्या घराची जादा किल्ली कोणाकडे असते?’

या प्रश्नाला कोणी अडखळत नाही. कोणी लगेच बोट दाखवतं, कोणी तिथूनच हाक मारतं. लाल रेषेच्या आतल्या एका घरात कमी ऐकू येणाऱ्या एक आजी एकट्या राहतात. विमानांचा त्यांना त्रास नाही, त्या स्वतःच म्हणाल्या. त्यांची किल्ली गल्लीपलीकडच्या कुटुंबाकडे असते. तिथली सून सकाळी दार उघडून बघून जाते, कारण दार वाजवलेलं आजींना ऐकू येत नाही. ते कुटुंब रेषेबाहेर आहे.

९ फेब्रुवारी

किल्ल्यांचा नकाशा भिंतीवर लावला. प्रत्येक घर एक ठिपका, किल्ली जिथे असते तिथपर्यंत एक रेघ. सात-आठ घरांचे झुबके दिसतात. लाल रेषा त्यातल्या पाच झुबक्यांना कापते. आम्ही चौघं बराच वेळ नुसते बघत उभे होतो.

यावर करायचं काय, तर पात्रतेची हद्द आवाजाच्या रेषेवर न ठेवता गल्लीच्या किंवा झुबक्याच्या नैसर्गिक सीमेपर्यंत न्यायची. याला आधार आहे. अमेरिकेत आवाजनियंत्रणाच्या कार्यक्रमांत रेषा ब्लॉकच्या (रस्त्यांनी वेढलेल्या घरांच्या गटाच्या) मधून जात असेल तर ती ब्लॉकच्या टोकापर्यंत वाढवता येते. तसा प्रस्ताव लिहायला घेतला.

१३ फेब्रुवारी

स्थलांतर जिथे झालं आहे तिथलं वाचन, दोन दिवस. सगळं लिहीत नाही, आमच्या कामाला लागेल तेवढंच.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या विमानतळाला लागून किनलॉक हे गाव. मिझुरी राज्यात कृष्णवर्णीयांनी वसवून नगरपालिका मिळवलेलं पहिलं. १९८० च्या दशकात आवाजाच्या कारणाने घरं विकत घ्यायला सुरुवात झाली, आणि ज्याने विकलं त्याचं घर पाडलं. लोकसंख्या १९९० मध्ये २,७०२ होती, २००० मध्ये ४४९ उरली, २०१० मध्ये २९८. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. अशा खरेदीत घर मागून घर जातं आणि मधे मधे रिकामे भूखंड पडतात. शेजारी गेले की दुकान जातं, दुकान गेलं की उरलेले जातात. कोणावर सक्ती झाली असं कागदावर कुठेच दिसत नाही. ‘ऐच्छिक’ हा शब्द आमच्याही प्रस्तावात आहे. तो ठेवायचा असेल तर घराघराला स्वतंत्र विचारून चालणार नाही.

त्याच विमानतळाच्या दुसऱ्या अंगाला ब्रिजटन गावातली कॅरल्टन ही वसाहत नव्या धावपट्टीसाठी उठवली गेली, सुमारे दोन हजार घरं. धावपट्टी २००६ मध्ये सुरू झाली. तोवर तिथे मुख्य तळ असलेल्या विमान कंपनीने २००३ मध्ये बहुतांश उड्डाणं काढून घेतली होती. ज्या गर्दीसाठी घरं पाडली ती गर्दीच राहिली नाही. अंदाज चुकतात, हे कोणीही समजू शकतं. पण चुकीची किंमत ज्यांनी आधीच घरं दिली त्यांच्याकडूनच वसूल झाली. म्हणून आराखड्यात अट: घरं हलवण्याचा प्रत्येक टप्पा प्रत्यक्ष वाहतुकीला बांधायचा, वीस वर्षांच्या अंदाजाला नाही.

तिसरं उदाहरण अमेरिकेतल्याच लुईव्हिलचं. तिथे मायनर लेन हाइट्स हे लहान गाव आवाजाखाली आलं, तेव्हा रहिवाशांसाठी दूर नवी जागा घेऊन तिथे घरं बांधली आणि ज्यांना एकत्र जायचं होतं ते एकत्र गेले. नवं गाव हेरिटेज क्रीक. त्याच शहरात त्याआधीच्या विस्तारात हायलँड पार्क, स्टँडिफोर्ड आणि प्रेस्टोनिया या वसाहती पुसल्या गेल्या होत्या. म्हणजे एकाच विमानतळाभोवती दोन्ही प्रकार झाले. आम्हाला एकत्र जाण्याचा प्रकार हवा आहे.

१८ फेब्रुवारी

नव्या वसाहतीसाठी सुचवलेली जागा पाहायला गेलो. मोकळी, सपाट, पाणी जवळ. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकापलीकडे काही अंतरावर. दोन तास थांबलो, एकही विमान वरून गेलं नाही. बरोबर आलेले रहिवासी खूश झाले. एका काकांनी तर तिथल्या तिथे पावलं टाकून आपला भूखंड मोजला.

रात्री नकाशे करणाऱ्या सहकारीने फोन केला: ‘वारा बघितलास का आजचा?’

१९ फेब्रुवारी

तिची शंका खरी ठरली. विमान उडताना आणि उतरताना वाऱ्याच्या सामोरं जातं. वारा फिरला की धावपट्टी वापरायची दिशा उलटते आणि ज्या टोकावरून विमानं उतरत होती त्याच टोकावरून ती वर चढायला लागतात. काल वारा अशा बाजूचा होता की दुसऱ्या टोकाकडे फक्त उड्डाणं होती, आणि ती जागेपर्यंत येण्याआधीच वळत होती. वर्षातल्या ज्या महिन्यांत वारा उलट असतो त्या महिन्यांत सुचवलेली जागा उतरणाऱ्या विमानांच्या थेट वाटेवर येते. लांबवलेल्या धावपट्टीचं टोक तर आणखी पुढे सरकणार.

जागा सुचवणाऱ्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांनीही बहुधा एकाच दिवशी पाहिलं. आता नियम: कुठलीही नवी जागा वाऱ्याच्या दोन्ही दिशांत मोजल्याशिवाय रहिवाशांना दाखवायची नाही. भूखंड मोजणाऱ्या काकांना फोन करून सांगणं माझ्याकडे आलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मोजल्याशिवाय पुन्हा नेऊ नका, एवढंच करा.’

२६ फेब्रुवारी

तावदानांचा विषय. रेषेबाहेरच्या घरांना दुहेरी काचा, जाड दारं आणि छताखाली अस्तर देणं हा मान्य उपाय आहे. उद्दिष्ट आत ४५ डेसिबल. पण हा उपाय खिडकी बंद असतानाच चालतो. बंद खोलीत हवा कुठून येणार? यांत्रिक वायुवीजन दिलं नाही तर लोक महिन्याभरात खिडक्या उघडतात आणि सगळा खर्च वाया. वायुवीजन, त्याची वीज आणि दुरुस्ती हे तिन्ही एकाच ओळीत धरले, म्हणजे अंदाजपत्रकात कोणी त्यातलं एक कापू शकणार नाही. अंगण आणि गच्ची तशीच राहतात, याला काचेत उत्तर नाही.

३ मार्च

कायद्याचं टिपण करताना जुना खटला पुन्हा वाचला. नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरोजवळ कॉस्बी नावाच्या शेतकऱ्याचा कोंबडीपालनाचा व्यवसाय होता. लष्करी विमानं त्याच्या जागेवरून ८३ फुटांवरून जात. घाबरून भिंतींवर आपटून दीडशेपर्यंत कोंबड्या मेल्या, धंदा बंद पडला. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जमिनीला हात न लावताही हे जमीन घेण्यासारखंच आहे. भरपाई कोणी द्यायची, उडवणाऱ्याने की विमानतळाच्या मालकाने, हा प्रश्न १९६२ च्या ग्रिग्ज खटल्यात सुटला: मालकाने.

जपानने १९६७ मध्येच यासाठी कायदा केला होता: आवाज अडवण्याची कामं, स्थलांतराची भरपाई. तरी ओसाकाच्या जुन्या विमानतळाशेजारचे रहिवासी न्यायालयात गेले. १९८१ च्या अंतिम निकालात झालेल्या त्रासाची भरपाई मिळाली, रात्रीच्या उड्डाणबंदीची मागणी मात्र फेटाळली गेली. ओसाकाचा पुढचा मोठा विमानतळ खाडीत बेट घालून बांधला, १९९४ मध्ये सुरू झाला. वस्तीपासून आधीच अंतर राखण्याची किंमत केवढी असू शकते, त्याचं ते बेट हे उत्तर.

१० मार्च

दुसऱ्या वस्तीतली बैठक. इथे घरं हलवायची नाहीत, तरी लोक जास्त अस्वस्थ. ‘आम्हाला कधी हलवणार ते तरी सांगा. घराला रंग लावू की नको?’

हे मी कमी लेखलं होतं. अनिश्चितता हाही एक त्रास असतो आणि तो मीटरवर येत नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीची गोष्ट त्यांना सांगितली. २००३ च्या सरकारी धोरणात तिचा विचार आला. २०१५ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने शिफारस केली तेव्हा ७८३ घरं जाणार असल्याचा हिशेब होता, हार्मंड्सवर्थ गावातली सर्वांत जास्त. २०१८ मध्ये संसदेने मंजुरी दिली, फेब्रुवारी २०२० मध्ये एका न्यायालयाने ती अडवली, त्याच डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा वाट मोकळी केली. इतक्या वर्षांत त्या गावांत जन्मलेली मुलं मोठी झाली. घर विकावं तर गिऱ्हाईक नाही, दुरुस्त करावं तर पाडलं जाईल ही भीती.

एक ताई म्हणाल्या, ‘मग आम्हाला नको असलेलं उत्तर द्या, पण उत्तर द्या.’ आराखड्यात दुसऱ्या वस्तीसाठी तारीख घातली: त्या दिवसापर्यंत निर्णय न झाल्यास पुढची दहा वर्षं स्थलांतर नाही, आणि ज्याला जायचं आहे त्याचं घर पूर्ण भावाने घेण्याचं बंधन. मंजूर होईल का, सांगता येत नाही. मांडणार.

१६ मार्च

रिकाम्या होणाऱ्या जमिनीवर आज वाद झाला, चांगला झाला.

पहिली कल्पना होती: घरं पाडून जमीन सपाट करून ठेवायची. ध्वनिअभियंत्याने अडवलं. वरून जाणाऱ्या विमानाचा आवाज घरांनी अडत नाही, पण धावपट्टीवरून जमिनीलगत येणारी घरघर पहिल्या रांगेतली घरं थोडीफार अडवतात. ती पाडून सपाट केली तर मागची रांग उघडी पडेल. म्हणजे एकाला सोडवताना दुसऱ्याला अडकवायचं.

त्याने ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाचं उदाहरण दिलं. २००३ मध्ये तिथे नवी धावपट्टी सुरू झाल्यावर दूरच्या गावापर्यंत खालच्या स्वरातली घरघर पोचू लागली. शेतं नांगरलेली असताना ती कमी होते असं लक्षात आलं, नांगराच्या सऱ्या ध्वनिलहरी विस्कटत होत्या. त्यावरून धावपट्टीजवळ सुमारे तीन मीटर उंचीच्या मातीच्या बांधांची रांगच रांग घालून २०१३ मध्ये उद्यान केलं. मातीच्या बांधांना काही महागडं लागत नाही. आमच्या जमिनीवर तेच सुचवतो आहोत, आणि बांध आधी, पाडकाम नंतर, या क्रमाने.

बांधांमधल्या जमिनीवर गोदामं, वाहनतळ, रोपवाटिका चालतील. शाळा, दवाखाना, वसतिगृह कधीच नाही. तळं किंवा कचराडेपोही नाही, कारण दोन्ही पक्षी गोळा करतात आणि पक्षी इंजिनात जातात. लॉस एंजेलिसला विमानतळासमोरच्या सर्फरिज वसाहतीतली सुमारे ८०० घरं हटवल्यावर रिकामे रस्ते तसेच राहिले आणि वाळूच्या टेकड्यांवर एका दुर्मिळ निळ्या फुलपाखराला राखीव जागा मिळाली. तिथल्या जमिनीला निदान काही काम मिळालं. आमच्या जमिनीवर पाच वर्षांनी पुन्हा घरं उभी राहू द्यायची नसतील, तर विकास आराखड्यात बंधन आत्ताच नोंदवायला हवं. आजवरचं सगळं काम या एका नोंदीवर अवलंबून आहे. घरं हलवणं कठीण आहे, पण नवी येऊ न देणं त्याहून कठीण, कारण तिथे रडणारं कोणी दिसत नाही.

२४ मार्च

भाडेकरूंचा रकाना पुन्हा तपासला. मोबदला मालकाला, आणि प्रत्यक्ष राहणारं कुटुंब यादीतच नाही, असं अनेक घरांत. अमेरिकेच्या १९७० च्या स्थलांतर कायद्यात भाडेकरूलाही मदत मिळते. आमच्या प्रस्तावात कसलाच उल्लेख नव्हता. घातला. मालकांपैकी दोघांनी विरोध केला, एकाने स्वतः येऊन भाडेकरूचं नाव लिहून दिलं.

२ एप्रिल

नवी जागा सापडली, धावपट्टीच्या बाजूला, टोकांच्या रेषेत नाही. वाऱ्याच्या एका दिशेतली मोजणी झाली. दुसरी बाकी. रहिवाशांना अजून नेलेलं नाही.

२१ एप्रिल

वारा फिरला. सलग चार दिवस मोजलं. दोन्ही दिशांत सरासरी आणि संख्या दोन्ही खूप खाली. काकांना फोन केला. या वेळी मापायचा टेप त्यांनीच आणला.

९ मे

मंजुरीची बैठक. पात्रतेची हद्द गल्लीच्या टोकांपर्यंत वाढवायचं मान्य, पाचपैकी चार ठिकाणी. पाचव्या ठिकाणी मधे मोठा रस्ता आहे, ते नाकारलं गेलं आणि तिथली तीन घरं रेषेबाहेर राहिली. त्यासाठी पुन्हा अर्ज करायचा आहे. शाळा पहिल्या टप्प्यात. मातीचे बांध पाडकामाआधी. दुसऱ्या वस्तीच्या तारखेवर निर्णय पुढच्या बैठकीत. घरांची नोंदणी घराघराने न होता झुबक्याने होणार: किल्लीने जोडलेली घरं एकत्र नाव देतील आणि एकत्र जागा निवडतील.

१५ मे

नव्या जागेवर चुन्याने भूखंड आखले. पहिल्या झुबक्यातले सगळे आले. आजी सुनेचा हात धरून चालत होत्या, त्यांच्या घरातली नव्हे, पलीकडच्या घरातली सून. दोन्ही घरांनी समोरासमोरचे भूखंड घेतले.

आजींनी दोन चुनरेषांच्या मधे उभं राहून दोन्ही हात पसरले. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘एवढी रुंद कशाला ठेवली?’ आगीची गाडी आत यायला लागते, सर्वेक्षकाने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. ‘ती त्या मोठ्या रस्त्याने येऊ दे की,’ आजी म्हणाल्या.

मोठ्या रस्त्यापासून ही दारं किती लांब पडतात, पाण्याचा पाइप तिथून पोचतो का, ते अग्निशमन विभागाला विचारायचं आहे. पोचत असेल तर आतली गल्ली अरुंद करता येईल. सर्वेक्षक उद्या जुन्या गल्लीची रुंदी मोजून आणतो आहे.